कुत्रा गाडीत चढत नाही? मग आधी त्याला उतरायला शिकवा

आमची चिंगी अठरा किलोची गावठी कुत्री आहे. रस्त्यावरून उचलून आणली तेव्हाच तिच्या एका कानाला व्ही आकाराचा कट होता. नसबंदी झालेलं भटकं कुत्रं लांबून ओळखू यावं म्हणून असा कट देतात. म्हणजे आमच्याकडे यायच्या आधी कधीतरी तिला कोणीतरी धरून गाडीत घातलं असणार आणि गाडी थांबली तेव्हा समोर ऑपरेशनचं टेबल आलं असणार. आता अशा कुत्रीपुढे गाडीचं दार उघडून "चल चिंगे, भूर जायचं" म्हटलं तर ती काय करेल? चारही पाय रोवून, मान मागे ओढून पट्ट्यातून सटकेल. तेच केलं तिने. तेही भर रस्त्यात, आणि मी गाऊनवर तिच्यामागे धावतीये.

त्यानंतर आम्ही जे जे करू नये ते सगळं केलं. ओढलं, मागून ढकललं, नवऱ्याने उचलून कोंबलं आणि मी पटकन दार लावलं. एकदा तर सीटवर चिकन ठेवून ती चढल्याचढल्या धाडकन दार बंद केलं, आणि त्यानंतर पंधरा दिवस ती चिकनकडेच संशयाने बघायला लागली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात ना, तसं.

सुमारे तीन महिन्यांनी ती स्वतःहून चढायला लागली. त्या तीन महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितीये. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते: कुत्र्याला गाडीत चढायची भीती नसते, आत अडकायची असते. पाहिजे तेव्हा उतरता येतं हे त्याला पटलं की चढण्याचं अर्धं काम आपोआप होतं. म्हणून खालच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या उतरू देण्याच्याच आहेत.

आधी बघा, घोडं नक्की कुठे अडलंय

सरसकट "घाबरतो" म्हणून सोडून देऊ नका, दोनतीन दिवस नुसतं निरीक्षण करा. गाडी दिसली की वीस फुटांवरच थबकतो, शेपूट पायात घालतो, उगाच जांभया देतो, जिभेने नाक चाटत राहतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो, तर ती भीती. गाडीपर्यंत मजेत येतो, आत डोकावतो, पुढचे पायपण टेकवतो पण उडी मारायच्या वेळी आढेवेढे घेतो, तर दुखत असू शकतं किंवा उंची जमत नसेल. आणि चढतो छान पण पाच मिनिटांत लाळ गळायला लागते आणि पुढच्या वेळी नको म्हणतो, तर त्याला गाडी लागतेय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

त्यातही आतापर्यंत टुणकन चढणारा कुत्रा अचानक नको म्हणायला लागला तर ट्रेनिंग वगैरे बाजूला ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. कंबर, गुडघा, वय झालेल्या कुत्र्यांची सांधेदुखी असे बरेच प्रकार असतात, आणि आपल्याकडे गोचीडताप हा एक छुपा रुस्तम आहे, त्यातही सांधे दुखतात आणि कुत्रं नुसतं मलूल दिसतं. लॅब्रेडोर, जर्मन शेफर्डवाल्यांनी कमरेच्या सांध्याचं विशेष बघा. दुखणाऱ्या कुत्र्याला ट्रीट देऊन उड्या मारायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

सामान काय लागतं

फार काही नाही. एक हार्नेस लागतो, म्हणजे छातीवरून बसणारा पट्टा, कारण गळ्यातला पट्टा मागे ओढ घेतली की डोक्यावरून निघतो (गाऊनचा किस्सा वर सांगितलाच). एक साधी दोन मीटरची लीश. कुत्रा झोपतो ती गोधडी किंवा चादर, न धुतलेली! त्याच्या वासाची पाहिजे. सीटवर खाली रबरी मॅट किंवा जुनी योगा मॅट टाका, कारण रेक्झिनच्या सीटवर नखं घसरतात आणि एकदा घसरला की त्याच्यासाठी विषय संपतो. आणि एक पाट. हो, जेवायला बसतो तो पाट, किंवा उंच गाडी असेल तर चौरंग. त्यावर पायपुसणं बांधलं की झाली पायरी तयार. रेडिमेड रॅम्पही मिळतात, पण त्या रॅम्पलाच घाबरणारे नग असतात, मग रॅम्पचं वेगळं ट्रेनिंग, म्हणजे नमनालाच घडाभर तेल.

गाडीतलं परफ्यूम काढून टाका, ते आरशाला लटकवलेलं लिंबू-लॅव्हेंडर जे काय असेल ते. आपल्याला मंद वाटणारा वास त्यांच्या नाकात दणादण आदळतो. आमच्या गाडीतली बाटली काढल्यावरही आठ दिवस वास होता, दारं उघडी टाकून गाडी वाऱ्यावर ठेवली तेव्हा गेला.

खाऊ असा निवडा जो एरवी अजिबात मिळत नाही. रोजची बिस्किटं चालणार नाहीत. उकडलेलं चिकन, कलेजी, पनीर, उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग, शाकाहारी घरात उकडलेलं रताळं. तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढेच करा, कारण एका वेळेला वीसपंचवीस लागतात. कांदा-लसूण घातलेलं काही नको. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट तर अजिबातच नको, कुत्र्यांना ते विषारी असतं. पाव्हण्यांनी प्रेमाने दिलं तरी नाही.

पायरी पहिली: गाडी दिसली की खाऊ, बस

गाडी बंद, दारं बंद, आणि जागा शांत पाहिजे. आमचं पार्किंग बेसमेंटला आहे, तिथली फरशी गुळगुळीत आणि कोणाच्या गाडीचा रिव्हर्स हॉर्न वाजला की सगळीकडे घुमतो, त्यामुळे नवरा सकाळी साडेसहाला गाडी वर काढून सोसायटीच्या मागच्या बाजूला लावायचा. वॉचमनकाका विचारायचे, साहेब रोज गाडी काढता आणि जात कुठंच नाही?

कुत्रा जिथे थबकतो त्या अंतरापेक्षा दोन पावलं मागे उभे राहा. त्याने गाडीकडे बघितलं की एक तुकडा द्या. क्रम हाच ठेवा, आधी गाडी दिसणार मग खाऊ येणार. उलटं केलं, म्हणजे आधी खाऊ दाखवून त्याला गाडीकडे नेलं, तर खाऊ म्हणजे आमिष हे त्याला लगेच कळतं, आमच्या चिकनचं तेच झालं. आणि तुकडा गाडीच्या दिशेने टाकू नका, त्याच्या मागे टाका. म्हणजे गाडीकडे बघितल्याबद्दल बक्षीस आणि वर लांब जायची परवानगी. ऐकायला उलटं वाटेल, पण खाऊन झाल्यावर तो स्वतःच वळून परत येतो आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा अर्धं पाऊल पुढे येतो. ते अर्धं पाऊल त्याचं स्वतःचं असतं.

रोज पाच मिनिटं, फार तर सात. चांगलं चाललंय म्हणून ताणू नका, चांगलं चाललंय तिथेच थांबा. लीश कायम सैल, इंग्रजी यू सारखी लोंबती. लीश ताणली गेली की कुत्रा उलट्या दिशेने जोर लावतोच, त्यात हट्टीपणा वगैरे काही नसतो, आपल्याला कोणी दंड धरून ओढलं तर आपण तेच करतो.

चिंगीला गाडीला नाक लावायला अकरा दिवस लागले. काही कुत्री पहिल्याच दिवशी लावतात. शेजारच्यांचा बीगल दुसऱ्या दिवशी टपावर चढायला बघत होता, त्याच्याशी तुलना करून मी उगीच दोन दिवस रडकुंडीला आले.

पायरी दुसरी: दोन्ही दारं उघडी

ही युक्ती जमली तर निम्मं मैदान मारलं. मागची दोन्ही दारं सताड उघडा. कुत्र्याला आता गाडी गुहेसारखी दिसत नाही, बोगद्यासारखी दिसते, पलीकडचा उजेड दिसतो, म्हणजे बाहेर पडायचा रस्ता दिसतो. पाट लावा, गोधडी सीटवर पसरा, आणि खाऊ पाटावर ठेवा. मग सीटच्या कडेला, मग थोडा आत. पुढचे दोन पाय टेकवून, मान लांब करून खाईल आणि मागचे पाय जमिनीवर असे रोवून ठेवेल की जणू गाडी आत्ता सुटणारे. चालेल! तेवढंच करू द्या. आणि लगेच "उतर" म्हणा, मागे व्हायला जागा द्या आणि उतरल्यावर जमिनीवर दुसरा तुकडा द्या.

हो, उतरल्याचापण खाऊ. इथेच लोकांचा विश्वास बसत नाही. माझ्या नवऱ्याचाही बसला नव्हता, तो म्हणे आपण तिला चढवायला शिकवतोय का पळून जायला? पण बघा, दिवसातून पंधरा वेळा दोन पाय वर, दोन पाय खाली असं झालं की पाय ठेवण्यात जोखीम राहत नाही. आणि "उतर" हा शब्द पुढे रस्त्यावर इतका कामाला येतो की काय सांगू, ते शेवटी सांगते.

चार पाय आत कधी येणार हे आपण ठरवायचं नाही. आमच्याकडे तर ते ट्रेनिंगच्या वेळेत झालंच नाही. एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, तू सारखी तिच्यामागे लागतेस, ती काय पोलिओचा डोस चुकवतीये का? मी बसते. आणि मेथीच्या दोन जुड्या, परात आणि वर्तमानपत्र घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसल्या. दोन्ही दारं उघडी, चिंगीची लीश मी बाहेर धरलेली. त्या तिच्याकडे बघेनात, बोलेनात, आपल्या मेथी निवडतायत. पानं परातीत, काड्या पेपरवर. वीसेक मिनिटांनी चिंगी उठली, पाटावर चढली, परातीचा वास घेतला, मग सासूबाईंच्या गुडघ्याचा, आणि पुढच्या क्षणी मागचे पाय कधी वर आले ते मलाही कळलं नाही. मी जोरात "शाब्बास" म्हणाले आणि ती पलीकडच्या दारातून उतरून गेली. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. पाच मिनिटांत ती परत चढली, या वेळी मी तोंड बंद ठेवलं, आणि ती मेथीच्या काड्यांवर हनुवटी टेकवून बसली.

म्हणून सांगते, घरातल्या ज्या माणसाला कुत्र्याकडून काही नको असतं त्याला गाडीत बसवा. आणि ती वेळ त्याला खाऊ घालायची नाही, नुसतं सोबत बसायची ठेवा.

तिसरी: दार

दोन्ही दारांतून ये-जा व्हायला लागली, गाडीत मिनिटभर निवांत बसायला लागला, की पलीकडचं एक दार लावा, हळू, आपटून नाही. दोनतीन दिवस तेच. मग जवळचं दार अर्धं ओढायचं आणि उघडायचं, खाऊ. पाऊण ओढायचं, उघडायचं, खाऊ. मग पूर्ण लावून एक सेकंदात उघडायचं. एक सेकंद म्हणजे खरंच एक सेकंद. मग तीन, मग दहा, मधेच परत दोन, म्हणजे दर वेळी वाढतच चाललंय असं त्याला वाटायला नको. दार लावताना शेपूट कुठे आहे ते बघा बाबांनो, एकदा शेपूट चिमटली की सगळं मुसळ केरात. सेंट्रल लॉकचा खट्ट आवाज हा वेगळा विषय आहे, तो आधी कुत्रा बाहेर असताना ऐकवा.

या टप्प्यावर आत कोणीतरी सोबत पाहिजेच, एकट्याला आत ठेवून बाहेरून दार लावू नका.

चौथी: इंजिन, मग चार फूट

इंजिनाचे पण तुकडे करा. पहिल्यांदा कुत्रा बाहेर लांब असताना गाडी चालू करा, खाऊ. मग दारं उघडी ठेवून चालू गाडीत चढू-उतरू द्या, हँडब्रेक लावून आणि ड्रायव्हर सीटवर माणूस बसवून. मग दारं बंद, इंजिन चालू, अर्धा मिनिट, बंद, "उतर". वायपर, इंडिकेटरची टकटक, एसीचा झोत, हे सगळं त्याच्यासाठी नवीनच आहे. एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर फिरवा.

गाडी पहिल्यांदा हलेल तेव्हा चार फूट पुढे आणि थांबा. उतरू द्या. दुसऱ्या दिवशी गेटपर्यंत. मग सोसायटीला एक चक्कर. मग जवळचं मैदान, तिथे उतरून पंधरा मिनिटं मनसोक्त हुंगाहुंगी आणि परत. क्लच सोडताना धक्के देणारा ड्रायव्हर असेल तर दुसऱ्याला बसवा, आमच्यात यावरून भांडण झालंय.

आणि कुठे नेताय ते फार महत्त्वाचं! बऱ्याच कुत्र्यांच्या आयुष्यात गाडी फक्त दवाखान्यात जाते. मग ते का चढतील? निदान पहिल्या दहा फेऱ्या तरी मजेच्या ठिकाणी न्या, टेकडी, नदीकाठ, मावशीचं अंगण. दवाखान्यालाही मधून मधून नुसतं जाऊन, पायरीवर खाऊ खाऊन, इंजेक्शन न घेता परत या.

मधल्या काळात खरंच आजारी पडला तर? तर ट्रेनिंगचा आग्रह धरू नका. घरी येणारे डॉक्टर बघा, नाहीतर एक हात छातीखाली आणि दुसरा मांड्यांच्या मागून घालून नीट उचला, मोठं कुत्रं असेल तर दोन माणसं लागतात. फक्त त्या दिवशी "चढ" हा शब्द वापरू नका आणि ट्रेनिंगची गोधडीपण टाकू नका. दुसऱ्या दिवशी एकदोन पायऱ्या मागे जाऊन परत सुरुवात करा. वाया जात नाही, थोडं मागे पडतं एवढंच.

गाडी लागत असेल तर

पिल्लांना जास्त लागते, कारण कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पूर्ण तयार झालेली नसते. बरीच पिल्लं वर्षाची होईपर्यंत यातून बाहेर पडतात. पण तोपर्यंत "गाडी म्हणजे मळमळ" हे डोक्यात पक्कं बसलं तर मळमळ जाते आणि भीती राहते. त्यामुळे लाळ गळणं, सारखं गिळणं, ओठ चाटणं दिसलं की उलटीची वाट बघू नका, थांबा.

निघायच्या आधी तीनचार तास पोटभर जेवण नको, पाणी चालेल. काच दोन बोटं खाली. घाट असेल तर गाडी सावकाश, आणि वळणं संपेपर्यंत मधे एकदोनदा थांबा. ताम्हिणीतून कोकणात उतरताना चांगल्या चांगल्या माणसांचं होतं, कुत्र्याचं काय घेऊन बसलात. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना विचारा, मॅरोपिटंट नावाचं औषध कुत्र्यांच्या प्रवासातल्या उलटीसाठी देतात, साधारण निघायच्या दोन तास आधी, डोस वजनावर असतो आणि तो डॉक्टरनेच ठरवायचा. घरातली माणसांची उलटीची गोळी अर्धी करून देणं बंद करा. गुंगीच्या गोळीचंही तसंच, काही गोळ्यांनी कुत्रं नुसतं हलायचं थांबतं, आतून घाबरलेलंच असतं आणि आपल्याला वाटतं किती शहाण्यासारखं बसलंय.

निघाल्यावर

कुत्र्याची जागा मागे. मांडीवर घेऊन गाडी चालवणं नको आणि पुढच्या सीटवरही नको, एअरबॅग उघडली तर जीव जाऊ शकतो. सीटबेल्टच्या खाचेत अडकवायचा छोटा पट्टा मिळतो, तो हार्नेसलाच लावा, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, नाहीतर करकचून ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. खिडकीतून डोकं बाहेर काढलेला फोटो भारी येतो खरा, पण डोळ्यात खडा गेला किंवा बाजूने बाईक घासून गेली तर काय. काचेचं बटण लॉक करा, कुत्रं पंजाने काच खाली करतं, माझ्या डोळ्यांदेखत केलीये.

आणि बंद गाडीत सोडून "दोन मिनिटांत आले" हे कधीच नाही. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेर २२ ते ३६ डिग्री असताना बंद गाडी आतून तासाभरात सरासरी २२ डिग्रीने तापली, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून तो किती गार होणार? आपल्याकडच्या एप्रिल-मे मधे तर विचारच नको. पग, शिट्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे आणखी हाल.

उतरताना

आता तो "उतर" शब्द. गाडी थांबली की कुत्रं उसळतं, आणि नेमकं रस्त्याच्या बाजूचं दार कोणीतरी उघडतं. आमच्याकडे नियम असा आहे: गाडी थांबली तरी आधी कोणी दाराला हात लावायचा नाही. मागे बसलेल्याने लीश हातात घ्यायची, एक वेढा मनगटाला, मग सीटबेल्टचा पट्टा काढायचा, मग फुटपाथच्या बाजूचं दार उघडायचं. दार उघडलं तरी चिंगी बसून राहते, कारण "उतर" ऐकू आलेलं नसतं. हे आम्ही पार्किंगमधेच शिकवलं. दार दोन इंच उघडायचं, ती उठली की परत लावायचं, बसली की उघडायचं, पूर्ण उघडूनही बसली की "उतर" आणि खाऊ. चार दिवसांत जमलं, कारण इतके महिने तो शब्द म्हटला की आपण खरंच सोडतो हे तिला माहीत होतं.

फक्त सासूबाई गाडीत असल्या की ती आमच्या "उतर"वर उतरत नाही, आधी त्यांनी उतरायला लागतं.